लिंकवर टॅप केलं आणि लोकेशन गेलं? काय तपासायचं, कुठे थांबायचं

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात येते: ‘एक लिंक आली होती, टॅप केली, आणि आता समोरच्याला माझं लोकेशन कळतंय.’ या वाक्यात निदान चार वेगळे बिघाड दडलेले असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून फोन रीसेट करायला धावू नका. आधी लक्षणं नीट वेगळी करा.

लक्षणं

लिंक उघडल्यावर क्षणभर कोरं पान दिसलं आणि लगेच यूट्यूब, बातमी किंवा एखादा फोटो उघडला. मध्ये काही विचारलं नाही, काही उतरलं नाही. हा सगळ्यात सौम्य प्रकार. मधल्या पानाने तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक) टिपला आणि तुम्हाला पुढे ढकललं.

पानाने लोकेशन मागितलं आणि तुम्ही ‘अलाउ’ दाबलं. निमित्त काहीही असतं: कुरिअरचा पत्ता पक्का करा, जवळचं दुकान शोधा, तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा. इथे खरोखरच अचूक जागा जाते.

लिंकवरून फाइल उतरली आणि तुम्ही ती इन्स्टॉल केली. आरटीओ चलान, लग्नपत्रिका, केवायसी, वीजबिल अशा नावांच्या एपीके फाइल्स, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणाऱ्या फाइल्स. हा प्रकार गंभीर. इथे लोकेशन ही त्यातल्या त्यात छोटी चिंता, कारण एसएमएस आणि बँकेचं ओटीपीही पणाला लागलेलं असतं.

समोरच्याला एकदाच नाही, तर रोज कळतंय. काल ऑफिसात होतात, आज मामाकडे, हेही त्याला माहीत. मग दोष बहुधा त्या लिंकचा नाहीच. लोकेशन शेअरिंग चालू राहिलेलं असतं, अकाउंट दुसरीकडे उघडं असतं किंवा फोनमध्ये कोणीतरी काहीतरी टाकून ठेवलेलं असतं.

बॅटरी लवकर उतरणं, फोन तापणं, बोललेल्या गोष्टीची जाहिरात दिसणं, एवढ्यावरून मात्र सुतावरून स्वर्ग गाठू नका. दोन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी उतरतेच.

समोरचा नेमकं काय सांगतोय?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. तो शहराचं नाव सांगतोय की गल्लीचं?

कुठलीही लिंक उघडली की त्या वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता, वेळ, ब्राउझर कोणता, फोन अँड्रॉइड की आयफोन, भाषा आणि टाइमझोन एवढं मिळतंच. आयपीशिवाय तर पान तुमच्यापर्यंत येऊच शकत नाही. आयपीवरून जागेचा अंदाज बांधणारी कोष्टकं असतात, पण ती ढोबळ. आपल्याकडे मोबाइल डेटावर तर एकच आयपीव्ही4 (जुन्या पद्धतीचा आयपी) पत्ता कंपनी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देते, आणि तो नोंदलेला असतो कंपनीच्या मोठ्या केंद्राच्या शहरात. त्यामुळे कोल्हापुरात बसलेल्या माणसाचं ठिकाण मुंबई किंवा पुणे दाखवलं जाणं नेहमीचंच. घरच्या ब्रॉडबँडवर अंदाज थोडा जवळचा येतो, कधी तालुक्यापर्यंत. घर नंबरापर्यंत नाही.

आयपी आणि वेळ यावरून नेमका ग्राहक शोधता येतो, पण त्यासाठी इंटरनेट कंपनीच्या नोंदी लागतात आणि त्या पोलिसांना कायदेशीर मागणीवर मिळतात. इन्स्टाग्रामवर धमकी देणाऱ्या भामट्याला नाही. ‘तुझा आयपी मिळालाय, घरी माणसं पाठवतो’ असा मेसेज आला तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॉक करा.

एक गोष्ट मात्र लिंक नक्की सांगते, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. प्रत्येक माणसाला वेगळी लिंक पाठवली की कोणी, किती वाजता टॅप केलं हे पाठवणाऱ्याला कळतं. नंबर चालू आहे, माणूस रात्री दीडला जागा आहे आणि अशा लिंका उघडतो, ही माहिती पुढच्या फसवणुकीला पुरते.

तेव्हा शहरापुरतं कळलं असेल तर पुढच्यापैकी पहिल्या दोन तपासण्या करा आणि झोपा. गल्ली, इमारत, कॅफेचं नाव कळलं असेल तर शेवटपर्यंत जा.

तपासणीआधी दोन पथ्यं

तीच लिंक ‘बघूया काय होतं’ म्हणून पुन्हा उघडू नका. आणि मित्राला दाखवायला ती व्हॉट्सॲपमध्ये चिकटवू नका. व्हॉट्सॲपमधला लिंकचा छोटा प्रीव्ह्यू पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो. म्हणजे चिकटवल्याबरोबर तुमचाच फोन त्या साइटला भेट देऊन येतो आणि तुमचा आयपी पुन्हा नोंदला जातो. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड इथे ‘डिसेबल लिंक प्रीव्ह्यूज’ चालू करून ठेवा. त्याच पानावर ‘प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स’ आहे, तेही चालू करा, कारण एरवी व्हॉट्सॲप कॉलमध्ये समोरच्या फोनला तुमचा आयपी थेट मिळू शकतो. दाखवायचंच असेल तर स्क्रीनशॉट दाखवा.

पहिली तपासणी: लिंक वाचा (फुकट, एक मिनिट)

लिंकवर बोट दाबून धरा, कॉपी करा, नोट्समध्ये चिकटवा. सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा आणि पुढची पहिली एकटी तिरपी रेघ शोधा. तिच्या लगेच डावीकडचे शब्द हे खरं घर. उदाहरणार्थ ‘इंडियापोस्ट.गव्ह.इन.पार्सल-अपडेट.टॉप/ट्रॅक’. डोळा ‘इंडियापोस्ट.गव्ह.इन’वर अडकतो, पण मालक आहे ‘पार्सल-अपडेट.टॉप’. त्याच्या डावीकडचा भाग कोणीही हवा तो लावू शकतो. कुलपाच्या चिन्हावरही भिस्त ठेवू नका. कुलूप म्हणजे मधल्या वाटेत कोणी वाचत नाही, इतकंच. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. उलट लोकेशन मागणारं पान कुलपासहितच असावं लागतं, कारण 2016 पासून क्रोम साध्या एचटीटीपी पानाला लोकेशन देतच नाही.

पत्त्यात ‘एनग्रोक’ किंवा ‘ट्रायक्लाउडफ्लेअर’ दिसलं तर सावध व्हा. या सेवा वाईट नाहीत, प्रोग्रामर मंडळी रोज वापरतात. त्यांनी घरच्या संगणकावरचं पान तात्पुरतं जगाला दाखवता येतं. पण बँक, पोस्ट किंवा आरटीओ कधीच असल्या पत्त्यावरून तुमच्याशी बोलणार नाही. छोट्या केलेल्या बिटलीच्या लिंकच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावलं की ती कुठे जाते ते आधी दिसतं. बाकीच्यांसाठी व्हायरसटोटलच्या साइटवर लिंक चिकटवा. तिथे त्यांचा सर्व्हर ती तपासतो, तुमचा फोन नाही.

दुसरी तपासणी: ब्राउझरने काय देऊन ठेवलंय (फुकट, पाच मिनिटं)

घराच्या दारापर्यंत पोचवणारी जागा वेबसाइटला एकाच वाटेने मिळते: तुम्ही दिलेली परवानगी. चौकट येते, ‘अमुक साइटला तुमचं लोकेशन हवंय’, आणि खाली पर्याय असतात: साइटवर असेपर्यंत, फक्त या वेळी, कधीच नाही. लोकेशन बंद असेल तर ते चालू करा म्हणणारी दुसरी चौकटही येते. ‘अलाउ’ दाबल्यावर अक्षांश, रेखांश आणि चूक किती मीटरची हे तिन्ही आकडे जातात. उघड्या मैदानात पाच-दहा मीटरपर्यंत अचूक, घरात आजूबाजूच्या वायफायवरून काढलेले, त्यामुळे थोडे सैल. लॅपटॉपला जीपीएस नसतं म्हणून तिथे बिनधास्त ‘अलाउ’ दाबणारे बरेच असतात. तिथेही वायफायच्या यादीवरून इमारत सापडते.

अँड्रॉइडवर क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, लोकेशन. ‘अलाउड’खाली जी नावं ओळखीची नाहीत ती काढून टाका. शेजारच्या ‘नोटिफिकेशन्स’मध्येही डोकावा. ‘तुमच्या फोनमध्ये 7 व्हायरस’ असे इशारे येत असतील तर तो व्हायरस नसतो, अशाच एखाद्या साइटला दिलेली परवानगी असते. सॅमसंग इंटरनेट, फायरफॉक्स, एज वापरत असाल तर प्रत्येकात वेगळं बघा, एकातली परवानगी दुसऱ्यात दिसत नाही. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, ‘सफारी वेबसाइट्स’.

आणि एक दिलासा: टॅब बंद, काम बंद. एकदा ‘अलाउ’ दाबलं म्हणून ते पान पुढे महिनाभर तुमच्या मागे फिरू शकत नाही. त्याला मिळाली ती त्या घटकेची जागा. पण परवानगी कायमची दिली असेल तर तीच साइट पुन्हा उघडल्यावर न विचारता पुन्हा मिळते, म्हणून यादी साफ करायची.

आता सगळ्यांत उपयोगी बदल. अँड्रॉइड 12 पासून ॲपला ‘प्रिसाइज’ ऐवजी ढोबळ लोकेशन देता येतं, साधारण तीन चौरस किलोमीटरच्या पट्ट्याएवढं. फोनच्या सेटिंग्जमध्ये क्रोमची लोकेशन परवानगी उघडा आणि ‘यूज प्रिसाइज लोकेशन’ बंद करा. रिक्षा-टॅक्सी आणि जेवण मागवणारी ॲप्स स्वतःची परवानगी वापरतात, त्यांचं काही अडत नाही. यापुढे चुकून ‘अलाउ’ दाबलं तरी बाहेर जाईल तो परिसर, तुमची इमारत नाही. आयफोनवर ‘सफारी वेबसाइट्स’खालीच ‘प्रिसाइज लोकेशन’चं बटण आहे.

इनकॉग्निटोने यातलं काहीही अडत नाही, तिथेही आयपी जातोच. व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) आयपी लपवतो, पण तुम्ही ‘अलाउ’ दाबल्यावर खरी जागा जाते. पैसे भरून व्हीपीएन घेणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

तिसरी: ॲपच्या पोटातला ब्राउझर

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकमध्ये लिंक उघडली की ती बहुधा क्रोममध्ये जात नाही, त्याच ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे चालते ती त्या ॲपला दिलेली लोकेशन परवानगी. क्रोममध्ये काहीच सापडलं नाही तर हे तपासा: सेटिंग्ज, लोकेशन, ॲप परमिशन्स. ‘अलाउड ऑल द टाइम’ ही यादी सर्वांत महत्त्वाची. तिथे नकाशा, हवामान आणि ‘फाइंड’ सोडून टॉर्च, कीबोर्ड, कर्जाचं ॲप असं काही दिसलं तर परवानगी तिथल्या तिथे काढा. अँड्रॉइड 12 आणि पुढे ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ आहे. गेल्या 24 तासांत कोणत्या ॲपने किती वाजता लोकेशन घेतलं ते मिनिटासह दिसतं. तुम्ही झोपलेले असताना पहाटे तीनला कोणी घेतलंय का ते बघा.

चौथी: शेअरिंग, म्हणजे खरा गुन्हेगार

‘त्याला रोज कळतंय’ या तक्रारीत उत्तर बहुधा इथेच सापडतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

गूगल मॅप्समध्ये वरचा प्रोफाइल फोटो, ‘लोकेशन शेअरिंग’. कोणासोबत, कधीपर्यंत ते स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘अनटिल यू टर्न धिस ऑफ’ म्हणजे तुम्ही बंद करेपर्यंत, म्हणजे वर्षभरही. ट्रिपला निघताना चालू केलेलं, नातं तुटलं तरी चालूच. ‘व्हाया लिंक’ दिसलं तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला मुदत संपेपर्यंत तुम्ही दिसता. गूगल याची आठवण करून देणारा ईमेलही पाठवतं. जीमेलमध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ शोधा, शेअरिंग कधीपासून चालू आहे याचा अंदाज येईल.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, ‘लाइव्ह लोकेशन’. इथे कमाल मुदत आठ तास, त्यामुळे रोजच्या पाळतीचं कारण हे क्वचितच. पण ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ (अँड्रॉइडवर तीन टिंबांत, आयफोनवर सेटिंग्जमध्ये) जरूर बघा. तुमच्या हातातला फोन दोन मिनिटं घेऊन कोणी आपल्या लॅपटॉपवर क्यूआर स्कॅन केला असेल, तर तुम्ही घरच्यांना पाठवलेलं प्रत्येक ‘पोचले, इथे आहे’ तिकडे वाचलं जातं. अनोळखी डिव्हाइस दिसलं की लॉग आउट. स्नॅपचॅट असेल तर मॅपवर तुमची जागा लपवणारा ‘घोस्ट मोड’ चालू करा. आयफोनवर ‘फाइंड माय’मधला ‘पीपल’ भाग, आणि आयओएस 16 पासून आलेला ‘सेफ्टी चेक’: कोणाकोणाला काय दिसतंय ते तो एका जागी दाखवतो.

पाचवी: अकाउंट

फोन शोधून देणारी सोय ज्याच्या हाती तुमचा गूगल किंवा ॲपल पासवर्ड आहे त्यालाही फोन शोधून देते. लिंकवरच्या खोट्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकला असेल तर लोकेशन गेलं ते इथून.

गूगल अकाउंट, सिक्युरिटी, ‘युअर डिव्हाइसेस’. जो फोन किंवा संगणक तुमचा नाही तो साइन आउट करा, मग पासवर्ड बदला, मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. रिकव्हरी ईमेल आणि रिकव्हरी फोन नंबर तुमचेच आहेत ना, हेही बघा. पासवर्ड बदलून रिकव्हरीला जुन्या नवऱ्याचा नंबर तसाच ठेवला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला असेल आणि साइन आउट राहिलं असेल तर तोही या यादीत सापडतो.

सहावी: बाहेरून आलेलं ॲप (फुकट, पण इथे हात सांभाळून)

एपीके इन्स्टॉल केली असेल तर क्रम चुकवू नका. आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि नेटबँकिंग, यूपीआय गोठवून घ्या. मग ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये अनोळखी नाव शोधा. सेटिंग्जच्या शोधपट्टीत हे शब्द टाकले की पान मिळतं, प्रत्येक कंपनीने ते वेगळीकडे लपवलंय. दोन्हीकडे ते बंद करा, आणि तक्रारीसाठी नावासह स्क्रीनशॉट घेतल्यावर मगच अनइन्स्टॉल. आधीच अनइन्स्टॉल करायला गेलात तर बटण करडं दिसतं, कारण ॲडमिन असलेलं ॲप काढता येत नाही. तरीही निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बहुतेक फोनवर पॉवर मेनूतल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे ती काढता येतात. यादीत कोरं आयकॉन किंवा ‘सिस्टिम सर्व्हिस’सारखं नाव असलं तर दबकू नका, त्याची इन्स्टॉलची तारीख आणि परवानग्या बघा. शेवटी प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टचं (गूगलच्या ॲप-तपासणीचं) स्कॅन, आणि ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’मध्ये व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर यांची परवानगी बंद.

आयफोनवर एपीकेचा प्रश्न नाही. तिथे जनरल, ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये अनोळखी प्रोफाइल आहे का ते बघा.

काही न विचारता, नुसत्या टॅपवर फोन ताब्यात घेणाऱ्या लिंकाही असतात. 2016 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एसएमएसवर तशीच लिंक आली होती. त्यांनी ती न उघडता सिटिझन लॅब या कॅनडातल्या संशोधन संस्थेकडे तपासायला दिली, त्यातून पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर उघड झालं आणि ॲपलने आयओएस 9.3.5 काढलं. असलं हत्यार महागडं असतं, ते वीजबिलाच्या मेसेजमागे कोणी वाया घालवत नाही. तुमच्यासाठी यातलं कामाचं एवढंच: सिस्टिम आणि ब्राउझरचं अपडेट पुढे ढकलू नका.

सातवी: फोन सोडून

सगळं साफ, तरी जागा कळतेच? मग पर्स, दुचाकीची डिकी, गाडीच्या सीटखाली हात घाला. एअरटॅगसारखा, स्वतःची जागा मालकाला कळवणारा बिल्ला तिथे असू शकतो. अँड्रॉइडमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सीखाली ‘अननोन ट्रॅकर अलर्ट्स’ आहे, तिथून हाताने स्कॅन करता येतं. आणि फोटो: व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली जागेची नोंद गळून जाते, पण तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर अक्षांश-रेखांशासकट जातो.

इथे थांबा

पैसे गेले असतील तर वरचं काहीही करत बसू नका. ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायची असते, तिथे मिनिटं मोजली जातात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार.

पाळत ठेवणारा घरातला किंवा पूर्वी घरातला असेल तर शेअरिंग बंद करण्याआधीही थांबा. बंद केल्याचं त्याला लगेच दिसतं, आणि धोका नेमका तेव्हा वाढतो. दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून आधी विश्वासातल्या माणसाशी किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर बोला, जिवाला धोका असेल तर 112. एखाद्या स्त्रीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. ‘नवरा-बायकोतलं भांडण’ म्हणून परत पाठवलं तर हे कलम सांगा.

गूगलकडून ‘सरकारी पाठबळ असलेला हल्ला’ किंवा ॲपलकडून ‘मर्सिनरी स्पायवेअर’ (भाडोत्री हेरगिरी सॉफ्टवेअर) असा इशारा आला असेल, तुम्ही पत्रकार, वकील किंवा कार्यकर्ते असाल, तर आयफोनवर लॉकडाउन मोड (हल्ल्याच्या वाटा बंद करणारी कडक सुरक्षा) चालू करा आणि फोन आहे तसा फॉरेन्सिक तज्ज्ञाकडे द्या. सेफ मोड करूनही ॲप निघत नसेल किंवा रीसेटनंतर परत येत असेल, तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सॉफ्टवेअर नव्याने टाकून घ्या. पिन सांगून फोन कोपऱ्यावरच्या दुकानात सोडून येऊ नका. ‘लोकेशन ट्रेस करून देतो’ म्हणणाऱ्या इन्स्टाग्रामवरच्या हॅकरकडे तर नकोच, ते आगीतून फुफाट्यात.

सायबर पोलीस ठाण्यात जाताना नंबर आणि वेळ दिसतील असे स्क्रीनशॉट, लिंक चित्र म्हणून नाही तर पूर्ण मजकूर म्हणून, ब्राउझर हिस्टरीतली ती नोंद, आणि डाउनलोड्समध्ये पडलेली एपीके फाइल तशीच ठेवून फोन सोबत न्या. स्क्रीनशॉटची छापील प्रत न्यायालयात चालायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना तिथेच विचारा. फॅक्टरी रीसेट तक्रार क्रमांक हाती आल्यावर आणि तपास अधिकाऱ्याने फोन मोकळा केल्यावर. त्यानंतर फोटो आणि संपर्क तेवढे परत आणा, ॲप्स बॅकअपमधून नको, एकेक करून प्ले स्टोअरवरून घ्या.